‘चार वाजल्यापासून या’ म्हणजे नेमकं कधी?

पारोळ्याचा एक मुलगा जळगावात माझ्याकडे जर्मन शिकून गेला. इलेक्ट्रिशियन आहे, सध्या जर्मनीत हाइलब्रॉनजवळ एका गावात नोकरीला. परवा त्याचा लांबलचक निरोप आला. कामावरच्या मित्राने नवीन घर केलंय, ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी ‘आइनवाइउंग’ आहे. आपल्याकडची घरभरणीच म्हणा. निमंत्रणात लिहिलंय ‘आब 16 उअर’, आणि खाली एक ओळ, ‘सॅलडसाठी अजून जागा आहे’. पोराचे प्रश्न असे: चारला जायचं की पाचला? आई म्हणते अकराशे रुपयांचं पाकीट दे, चालेल का? मी मांसमच्छी खात नाही, दारू घेत नाही, मग तिथे करू काय? भरीत नेलं तर? आणि खोलीवरचे दोघं, एक चोपड्याचा, एक शिरपूरचा, आम्हीपण येतो म्हणतायत.

2024 मध्ये महाराष्ट्राचा जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगारांसाठी करार झाला, तेव्हापासून आपल्याकडची पोरं जर्मन शिकायला लागलीत आणि हेच प्रश्न वर्गात फिरून फिरून येतात. म्हणून त्याला दिलेलं उत्तर इथे सविस्तर लिहिते.

मी 1996 ते 2013 अशी सतरा वर्षं त्याच राज्यात, श्टुटगार्टच्या बाजूला काढली. पहिल्याच घरभरणीत मी काय दिवे लावले ते आधी सांगते, म्हणजे तुला धीर येईल.

पहिलंच वर्ष होतं. महिनाही हाच, ऑक्टोबर अखेर. यजमानीणबाई माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून मी सुपरमार्केटला गेले, तर दाराबाहेरच रॅकवर शेवंतीच्या कुंड्यांची रांग. पांढरीशुभ्र, टपोरी फुलं आणि अगदी स्वस्त. दसरा-दिवाळीचे दिवस, मन आधीच घरी पळालेलं. शेवंती बघून डोळे भरून आले. सगळ्यात मोठी कुंडी उचलली, लाल रिबीन बांधली आणि गेले. बाईंनी दार उघडलं, कुंडीकडे बघितलं, ‘ओ’ म्हणाल्या, मग ‘दांके’ म्हणाल्या आणि ती आतल्या खोल्या ओलांडून थेट मागच्या बाल्कनीत ठेवून आल्या. मला वाटलं, ऊन लागावं म्हणून.

1 नोव्हेंबरला त्या राज्यात सुटी असते, सर्व संतांचा दिवस. आम्ही फिरायला निघालो, वाटेत दफनभूमी लागली. जिकडे बघावं तिकडे प्रत्येक कबरीवर तीच शेवंती आणि शेजारी लाल काचेतला दिवा. माझे पाय जागेवर थिजले. आपण पूजेला वाहतो ते फूल तिथे मेलेल्या माणसाचं. नव्या घराच्या उंबऱ्यावर मी ते रिबीन बांधून नेलं होतं! पुढे ओळख घट्ट झाल्यावर मी बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, ‘वाया नाही गेलं, आजीच्या कबरीवर ठेवलं. तिला आवडलं असतं.’

तुझी तारीख नेमकी त्याच आठवड्यातली आहे, दुकानाबाहेर तीच रांग असणार. शेवंती घेऊ नकोस. पांढरी लिलीही नको. लाल गुलाब तर मित्राच्या बायकोच्या हातात अजिबात देऊ नकोस, त्याचा अर्थ तुला तिथेही कळेल आणि पारोळ्यातही. फुलं न्यायचीच असतील तर रंगीबेरंगी गुच्छ घे, आणि कागदात गुंडाळलेला असेल तर दारात कागद काढून दे.

आता खोलीवरच्या दोघांचं. याबाबतीत मी वर्गात कडक बोलते आणि इथेही बोलते. निमंत्रण तुझ्या एकट्याच्या नावाचं आहे, तू एकटा जा.

आपल्याकडे वास्तुशांतीचं आमंत्रण ‘सहकुटुंब सहपरिवार’ असतं आणि परिवारात कोण ते येणारा ठरवतो. मामांच्या अमळनेरच्या घराची वास्तुशांती झाली तेव्हा सकाळी होम, आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुष बसवला, दुपारी मंडपात वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. पंगतीवर पंगती उठत होत्या. शेवटच्या पंगतीत बसलेल्यांपैकी निम्म्यांना मामा ओळखत नव्हते आणि त्याचाच त्यांना आनंद होता. ‘मंडप पुरला नाही’ हे ते वर्षभर सांगत फिरले. आपल्याकडे गर्दी म्हणजे घरधन्याची इज्जत. पाहुणा वाढला तर आचाऱ्याने वरणात पाणी ओतायचं, बट्ट्या तर आधीच जास्तीच्या असतात.

तिथे पाहुणा मोजलेला असतो. बारा माणसं तर बारा खुर्च्या, बारा काटे-चमचे, बाराजणांना पुरेल एवढं शिजवलेलं. तुझ्या नावाची खुर्ची पंधरा दिवस आधी मांडून झालेली असते. याला तुझ्यासारखी पोरं कंजूषपणा म्हणतात. मीपण म्हणायचे. नंतर कळलं की तिथे इज्जत द्यायची पद्धतच ही आहे. गर्दीत तू आलास की नाही हे मामांना कळलंही नसतं. तिथे तू आला नाहीस तर रिकामी खुर्ची रात्रभर दिसते. म्हणून पहिलं काम, ‘येतो’ असा स्पष्ट निरोप आजच पाठव. ‘बघतो’, ‘जमलं तर येतो’ हे आपले शब्द तिथे कामाचे नाहीत. आणि ‘येतो’ म्हणून न जाणं तर फार वाईट. ताप आला तर फोन कर, पण फोन कर.

दोघांना न्यायची फारच इच्छा असेल तर मित्राला सरळ विचार. तो विचारण्याने चिडणार नाही. पण ‘नाही’ म्हणाला तर त्याचा राग तूही धरायचा नाही.

वेळ. या एका ‘आब’वर मी वर्गात एक अख्खा तास घेते. ‘उम 16 उअर’ असेल तर चार म्हणजे चार. कॉफी आणि केक टेबलावर मांडलेला असतो आणि सगळे तुझ्यासाठी थांबतात. ‘आब 16 उअर’ म्हणजे चारपासून पुढे, दार उघडं आहे. सव्वाचार, साडेचार, पाचपर्यंतही ठीक. पावणेचारला जाऊ नकोस, तेव्हा यजमान आंघोळीत असतो. आणि जळगावच्या सवयीने साडेसातला गेलास तर निम्मे लोक निघायच्या तयारीत असतील. तुला सॅलड न्यायचं आहे, म्हणजे साडेचारच्या आत पोच. जेवण झाल्यावर भांडं घेऊन दारात उभं राहणं बरं दिसत नाही.

हो, सॅलड न्यायचं आहे. ‘सॅलडसाठी अजून जागा आहे’ ही गंमतीची ओळ नाही, तो प्रेमळ हुकूम आहे. आपल्याकडे पाहुण्याला ‘येताना भाजी घेऊन ये’ म्हटलं तर सोयरीक मोडेल. तिथे प्रत्येकजण एकेक भांडं आणतो आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

भरीत ने. जरूर ने. पण आपलं भरीत आणि तिथलं भरीत यात फरक राहणार हे आधी मनाला समजाव. तिथे जळगावचं हिरवं-पांढरं वांगं नाही, काळपट जांभळं, गुळगुळीत, लांबट वांगं मिळतं, ‘ओबर्जीन’ म्हणतात. त्याच्यात पाणी जास्त. कपाशीच्या काड्यांचा जाळ तर कुठून आणणार? ओव्हन जितका तापेल तितका तापव, वांग्यांना टोचे मार, नाहीतर आत फुटून ओव्हन घासत बसशील. साल पूर्ण काळी आणि सुरकुतलेली होईपर्यंत ठेव. मग सोलून चाळणीत अर्धा तास निथळू दे. ही पायरी गाळलीस तर भरीत होत नाही, आमटी होते. ठेचायला लाकडी चमचा पुरे. कांद्याची पात तिथे बारमाही मिळते, लसूण मिळतो. हिरवी मिरची मात्र वेगळी ठेच आणि छोट्या वाटीत बाजूला ठेव. ज्याला हौस असेल तो घेईल, आणि एकजण तरी घेणारच, कारण चारजणांत ‘मी तिखट खातो’ म्हणणारा जर्मन असतोच. त्याला पाणी देऊ नकोस, ब्रेड दे.

शेंगदाणे. हे लक्षात ठेव, बाकी सगळं विसरलास तरी चालेल. आपल्या भरतात दाणे असतात आणि शेंगदाण्याची ॲलर्जी हा तिथे जिवाचा प्रश्न मानतात. खरंच आहे तो. एक चिठ्ठी लिहून भांड्यासमोर उभी कर, ‘ओबर्जीन, लसूण, शेंगदाणे’. शेंगदाण्याला ‘एर्डनुस’. नाहीतर सरळ दाणे टाकूच नकोस. मी टाकत नसे.

कळण्याची भाकरी न्यायचा मोह होईल. ज्वारीचं पीठ श्टुटगार्टच्या भारतीय दुकानांत मिळतं, उडीदही मिळतो. पण भाकरी तासाभराने चामड्यासारखी होते आणि तुझी मेहनत त्यांना कळणार नाही. त्यांच्या पावाबरोबर भरीत झकास लागतं, माझ्या शेजारणी त्याला ब्रेडवर लावायचं काहीतरी समजून फस्त करत.

आता तुझं खाणं. ‘मी व्हेजिटेरियन आहे’ हे ‘येतो’ म्हणतानाच सांग. तिथे आता हे कुणाला नवीन नाही. पण श्वाबन भागातल्या, म्हणजे तुझ्याकडच्या, बटाट्याच्या सॅलडबद्दल सावध करते. उत्तरेकडे ते मेयोनेजमध्ये करतात, ते दिसतं तरी. तुझ्या भागात ते गरम रश्श्यात मुरवतात आणि तो रस्सा बहुतेक वेळा मांसाचा असतो. दिसायला नुसते बटाटे आणि कांदा! मी दोन वर्षं ते आवडीने खाल्लं, नंतर एका आजीबाईंनी कृती सांगितली. विचारायचं एवढंच, ‘मिट फ्लाइशब्र्युअ?’ म्हणजे मांसाच्या रश्श्यातलं का. ‘गेम्युझब्र्युअ’ उत्तर आलं तर भाज्यांचा रस्सा आहे, खा. ‘माउलटाशन’ नावाची पिठाची उशी वाढतील, वरून पालक डोकावतो आणि आत मांस. ‘केझश्पेट्झले’ मात्र चीजमधले असतात, अंडं चालत असेल तर तुझं पोट त्यावर भरेल.

दारूचं टेन्शन घेऊ नकोस. बिनदारूची बिअर तिथे घरोघरी असते, सफरचंदाचा रस सोड्यात घालून ‘आप्फेलशोर्ल’ असते. कुणी ‘घे रे, माझी शपथ’ करत नाही. फक्त ग्लासाला ग्लास लावून ‘प्रोस्ट’, म्हणजे चीअर्स, म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघ. ग्लासाकडे बघत प्रोस्ट केलं तर चिडवतात.

उलट आग्रह नसण्याचाच तुला त्रास होईल. आपल्याकडे पहिलं ‘नको’ म्हणजे ‘विचारत राहा’. आईने बट्टी वाढताना पाहुणा ताटावर दोन्ही हात आडवे धरतो आणि आई हाताच्या फटीतून तूप ओतते. तिथे ‘नाइन, दांके’ म्हणालास की केकची बशी पुढे गेली, परत येणार नाही. भूक असेल तर पहिल्यांदाच हो म्हण.

भेट काय न्यायची? पाकीट नको. पैसे देणं अपमानाचं आहे असं नाही, लग्नात देतातच, पण कामावरच्या मित्राच्या घरभरणीला पाकीट काढलंस तर तो गोंधळेल. आणि आईला सांग की आपण आहेर लिहून ठेवतो आणि पुढे फेडतो, तसली वही तिथे नाही. दहा-वीस युरोच्या आत बसेल असं काहीतरी ने. कामावरचे सगळे वर्गणी काढून हार्डवेअरच्या मोठ्या दुकानाचं कूपन देणार असतील तर त्यात सामील हो. नव्या घराला स्क्रू आणि रंगाचे डबे कधीच पुरत नाहीत.

माझ्या मते सगळ्यात देखणी भेट म्हणजे पाव आणि मीठ. हा तिथला जुना रिवाज आहे. नव्या घरात अन्न कधी कमी पडू नये म्हणून. म्हणतातही, ‘ब्रोट उंड झाल्ट्स, गॉट एअहाल्ट्स’, म्हणजे भाकरी आणि मीठ, देव राखो नीट. तरुण पोरं हल्ली विसरतात, पण म्हातारी माणसं हजर असतील तर त्यांचे चेहरे बघ. मला तो रिवाज पहिल्यांदा कळला तेव्हा आई आठवली. आमच्या नव्या घरात देवांच्या मागोमाग तिने पाण्याची कळशी, मिठाची बरणी आणि ज्वारीचं मापटं नेलं होतं, आम्हा पोरांना त्याआधी आत पाय टाकू दिला नाही. तुझं तर हाइलब्रॉन म्हणजे मिठाच्या खाणीचं गाव. गावच्या बेकरीतला एक गोल, जाड सालीचा पाव घे, एका छोट्या बरणीत मीठ भर, फडक्यात बांध. आपल्याकडे घरात मीठ आधी जातं, हे दारातच मित्राला सांग. पाव शनिवारी दुपारच्या आत घे, गावातल्या बेकऱ्या शनिवारी लवकर बंद होतात.

सुरी देऊ नकोस, मैत्री कापली जाते असं मानतात. नारळ फोडू नकोस. हसू नकोस, माझ्या एका विद्यार्थ्याने खरंच फोडला होता, यजमानाची परवानगी घेऊन, उंबऱ्यावर, मनोभावे. पाणी लॅमिनेटच्या फटीत गेलं आणि आठवड्याभरात दारातली फळी फुगली. दोघांची मैत्री टिकली, फळी नाही टिकली.

आई पेढे पाठवते म्हणत असेल तर तिला आधीच थांबव. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून प्रवाशाच्या सामानात किंवा पार्सलने दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. पेढे, तूप, खवा सगळं त्यात आलं. केळीचे वेफर्स पाठवू दे. आणि एक गंमत, ताजी फळं न्यायला तिथे रोगमुक्तीचा दाखला लागतो, पण पाच फळांना सूट आहे: अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि आपलं केळं. जळगावकराला एवढा मान पुरे.

घरात शिरल्यावर बुटांचं काय करायचं ते दाराशी बघून ठरव. पार्टीला बरेचजण ‘राहू द्या’ म्हणतात. पण मोजे फाटके नकोत. मग प्रत्येकाशी हात मिळवून स्वतःचं नाव सांग. यजमान ओळख करून देईल म्हणून कोपऱ्यात उभा राहिलास तर रात्रभर उभा राहशील.

तो घर दाखवेल. मन लावून बघ, विशेषतः स्वयंपाकघर. तिथे भाड्याचं घर बरेचदा ओट्याशिवाय, कपाटांशिवाय, दिव्यांशिवाय मिळतं. सगळं भाडेकरूने आणायचं आणि सोडताना काढून न्यायचं. निम्म्याहून जास्त जर्मन भाड्याने राहतात, म्हणून भाड्याच्या फ्लॅटचीही ते घरभरणी करतात. आपल्याकडे भाड्याच्या घराची वास्तुशांती केली तर लोक वेड्यात काढतील. तेव्हा घर त्याचं की भाड्याचं, कितीला, हप्ता किती, यातलं काहीही विचारू नकोस. आपल्याकडे उंबऱ्यातच ‘कितलामा पडनं?’, म्हणजे कितीला पडलं, होतं आणि मालकही खुशीने दोन लाख वाढवून सांगतो. तिथे पगार आणि घराची किंमत हे दोन विषय जिभेवर आणायचे नाहीत.

छतातून लोंबणाऱ्या वायरी दिसतील आणि तुझे हात शिवशिवतील. त्या दिवशी हात लावू नकोस. पण ‘पुढच्या शनिवारी येऊन दिवे लावून देतो’ एवढं म्हण. शनिवारीच, रविवारी तिथे भिंतीत ड्रिल मारलं तर शेजारी दारात येतात. पाव-मिठापेक्षाही हे जास्त लक्षात राहील, कारण इलेक्ट्रिशियन मिळणं तिथे सोन्याच्या भावाचं झालंय.

त्याने जर घर बांधलं असतं तर तुला वर्षभर आधी ‘रिश्टफेस्ट’लाही बोलावलं असतं. छपराचा लाकडी सांगाडा उभा राहिला की सुतार वर हिरव्या फांद्यांचा, फिती बांधलेला हार लावतो, वरूनच कवितेसारखं काहीतरी म्हणतो, घोट घेतो आणि ग्लास खाली फेकतो. तो फुटलाच पाहिजे. स्लॅब पडला की आपण मजुरांना गोड जेवण घालतो, तसंच. पुढे कधी आमंत्रण आलं तर चुकवू नकोस, पार्टीपेक्षा ते मला जास्त आवडायचं.

निघायची वेळ. दहानंतर इमारतीत शांतता पाळायची असते, म्हणून साडेनऊच्या सुमारास आवाज आपोआप खाली येतो. यजमान जांभई देईपर्यंत थांबू नकोस, पण पहिलाही निघू नकोस. उठताना चार बशा स्वयंपाकघरात नेऊन ठेव, तो ‘राहू दे’ म्हणेल, तरी ने. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा आभाराचा निरोप.

भरताचं भांडं तिथेच राहिलं तर घाबरू नकोस, सोमवारी कामावर धुऊन मिळेल. रिकामं मिळेल. आपल्याकडे शेजारीण भांडं रिकामं परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालते. तिथे तसं काही नाही, वाईट वाटून घेऊ नकोस. फक्त निघण्याआधी भांड्याच्या बुडाला टेप लावून नाव लिही. तिथे सगळेच तसं करतात.